हेल्मेटमधला कोच

१९९९ चा क्रिकेट वर्ल्ड कप. इंग्लंडमधलं होव्हचं मैदान, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण घरातल्या क्रिकेटवेड्या काकाला किंवा मामाला विचारा, त्याला नक्की आठवेल. आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिए आणि फास्ट बोलर अ‍ॅलन डोनाल्ड कानात इटुकलं यंत्र घालून फिल्डिंगला उतरले होते. बाहेर बसलेले कोच बॉब वुल्मर त्यांच्याशी बोलत होते. हा प्रकार लक्षात आला आणि मॅच चालू असतानाच यंत्रं काढायला लावली गेली. हे काय भलतंच, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं.

पण मंडळी, हे भलतं असलं तरी नवं नव्हतं. त्याच्या ४३ वर्षं आधी अमेरिकेत एका कोचनं हाच उद्योग केला होता. थेट खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ बसवून! त्याच्यावरही बंदी आली. आणि गंमत म्हणजे आज तोच रेडिओ अमेरिकन फुटबॉलच्या प्रत्येक व्यावसायिक सामन्यात राजरोस वापरला जातो. त्या कोचचं नाव पॉल ब्राउन. आजची गोष्ट त्यांची.

आधी खेळ समजून घेऊ

फुटबॉल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मेस्सी किंवा सुनील छेत्री आला असेल तर त्याला जरा बाजूला बसवा. हा अमेरिकन फुटबॉल. लांबुळका चेंडू, खांद्यांवर चिलखत, डोक्यावर हेल्मेट. दोन्हीकडे ११-११ खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले, तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. नाहीतर चेंडू समोरच्यांकडे.

आता महत्त्वाची गोष्ट. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो. या काही सेकंदांत पुढची चाल ठरते. कोण कुठे धावणार, कोण कुणाला अडवणार, क्वार्टरबॅक चेंडू फेकणार की दुसऱ्याच्या हातात देणार, हे सगळं आधीच पाठ केलेलं असतं. फक्त त्यातली कुठली चाल खेळायची, एवढंच सांगायचं असतं. आणि ते समोरच्याला आधी कळलं, की खेळ खल्लास. चेंडू जिथे जाणार तिथे तो आधीच उभा.

थोडक्यात, आपल्या ११ जणांना सांगायचं आणि समोरच्या ११ जणांना कळू द्यायचं नाही. परीक्षेत मागच्या बाकावरच्या मित्राला उत्तर सांगायचं, पण सुपरवायझरला पत्ता लागू द्यायचा नाही, तसंच काहीसं. फरक इतकाच की इथे सुपरवायझर ११ आहेत आणि सगळे तुमच्याकडेच टक लावून बघताहेत.

ही डोकेदुखी जुनी आहे. वॉशिंग्टनमध्ये गॅलॉडेट नावाचं बधिर विद्यार्थ्यांचं कॉलेज आहे. १८९० च्या दशकात तिथला क्वार्टरबॅक पॉल हबर्ड आपल्या टीमला हातांच्या खुणांच्या भाषेत चाल सांगायचा. ऐकू येणाऱ्या टीमसमोर काही प्रश्न नव्हता. पण समोर बधिर खेळाडूंचीच टीम आली की पंचाईत, कारण त्यांना तीच भाषा येते! म्हणून मग सगळ्यांनी एकमेकांना चिकटून गोल करून उभं राहायचं आणि मधोमध खुणा करायच्या, अशी युक्ती निघाली. आज प्रत्येक सामन्यात दिसणारा तो घोळका, म्हणजे हडल, तिथून रुळला असं मानतात.

घोळक्यामुळे मैदानावरचं गुपित मैदानावर राहिलं. पण पुढे प्रश्न बदलला. चाल मैदानाबाहेर उभ्या असलेल्या कोचनं ठरवायची असेल तर? मग गुपिताला बाजूच्या रेषेपासून घोळक्यापर्यंत प्रवास करावा लागतो. आणि तो प्रवास हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत होतो. पॉल ब्राउन यांनी आयुष्यभर या प्रवासाचाच बंदोबस्त केला.

डिस्पॅचरचा मुलगा

पॉलचा जन्म ७ सप्टेंबर १९०८ चा, ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावचा. वडील रेल्वेत डिस्पॅचर होते. म्हणजे कुठली गाडी कुठे थांबेल, कुठली आधी सुटेल, याचे हुकूम सोडणारा माणूस. त्या हुकमात चूक झाली तर काय होतं, हे अशा घरातल्या पोराला वेगळं सांगावं लागत नाही. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब मॅसिलॉनला आलं. पोलाद कारखान्यांचं गाव, आणि फुटबॉलचं वेड इतकं की शाळेच्या टीमची मॅच म्हणजे गावची जत्रा.

पॉल चणीनं अगदी लहान. धिप्पाड पोरांच्या या खेळात त्याला कोण घेणार? पण गडी डोक्यानं तेज होता. मॅसिलॉनच्या शाळेत तो क्वार्टरबॅक झाला. नंतर ओहायो स्टेट या मोठ्या विद्यापीठात गेला, तिथे मात्र त्याच्या अंगकाठीला जागा नव्हती. वर्षभरानं तो मायामी विद्यापीठात आला. फ्लोरिडातलं मायामी नव्हे, ओहायोतच या नावाचं विद्यापीठ आहे. तिथे तो खेळला, पदवी घेतली आणि मेरिलँडमधल्या एका शाळेत शिकवू लागला. १९३२ मध्ये मॅसिलॉनच्या शाळेनं त्याला कोच म्हणून परत बोलावलं. वय पुरतं २४ सुद्धा नव्हतं.

इथून पुढे आपण त्यांना अहो-जाहो करू. कारण आता ते सर झाले.

आणि ते खरोखरच सर होते, शिक्षकी पेशातले. त्या काळचे बरेचसे कोच मैदानावर आरडाओरडा करून खेळाडूंना पेटवायचे. ब्राउन यांनी खेळाडूंना वर्गात बसवलं. फळ्यावर चाली काढल्या, वहीत उतरवून घ्यायला लावल्या आणि लेखी परीक्षा घेतल्या. मॅसिलॉनमधल्या नऊ वर्षांत त्यांच्या टीमनं ८० सामने जिंकले, ८ हरले, २ बरोबरीत सोडवले. जागतिक मंदीनं पिचलेल्या त्या गावाला दर आठवड्याला एक तरी गोष्ट अभिमानानं सांगण्यासारखी मिळाली.

१९४१ मध्ये ज्या ओहायो स्टेटनं खेळाडू म्हणून त्यांना जागा दिली नव्हती, तिथेच ते हेड कोच झाले. पुढच्याच वर्षी त्यांची टीम राष्ट्रीय विजेती ठरली. मग महायुद्ध आलं आणि ब्राउन नौदलात दाखल झाले. शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स प्रशिक्षण केंद्रात ते तिथल्या टीमचे कोच होते.

स्वतःच्या नावाची टीम

युद्ध संपल्यावर एक नवी व्यावसायिक लीग सुरू झाली. तिच्यातली क्लीव्हलँडची टीम बांधायचं काम ब्राउन यांच्याकडे आलं, आणि टीमला नावही त्यांचंच मिळालं, क्लीव्हलँड ब्राउन्स. विचार करा, कोच अजून पहिली मॅच खेळवायचाय आणि टीमच्या नावात तो आहे!

इथे त्यांनी शाळेतली पद्धत व्यावसायिक खेळात आणली. वर्षभर पगारी सहायक कोच ठेवले. सामन्यांच्या फिल्म पुन्हा पुन्हा पाहून प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक हालचालीला मार्क दिले. ४० यार्डांच्या धावेवर वेग मोजला. बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. आज हे सगळं कुठल्याही खेळात सर्रास चालतं, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. १९४६ मध्ये हा विषय चेष्टेचा होता.

आणखी एक गोष्ट त्यांनी गाजावाजा न करता केली. तेव्हा अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना अनेक वर्षं दारं बंद होती. ब्राउन यांनी १९४६ मध्ये बिल विलिस आणि मॅरियन मॉटली या दोघांना टीममध्ये घेतलं. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सननं ही भिंत पाडली ती त्याच्या पुढच्या वर्षी. त्या वर्षी मायामीतल्या सामन्यात, फ्लोरिडातल्या मायामीत बरं का, या दोघांना खेळता आलं नाही, इतकं वातावरण विखारी होतं. पण ब्राउन यांचा हिशेब सरळ होता. ज्याला चाल कळते आणि जो ती नीट पार पाडतो, तो खेळणार. पुढे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले.

निकाल? लीग चार वर्षं चालली आणि चारही वर्षं ब्राउन्सच विजेते. साखळीतल्या ५४ सामन्यांत पराभव फक्त ४. मग ती लीग बंद पडली आणि ब्राउन्सना जुन्या, नावाजलेल्या एनएफएलमध्ये प्रवेश मिळाला. तिथल्या लोकांना वाटत होतं, आता यांना खरं फुटबॉल कळेल. १९५० चा पहिलाच सामना गतविजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सशी, त्यांच्याच शहरात, ७१ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर. ब्राउन्सनी तो ३५-१० असा जिंकला. मग चर्चा सुरू झाली की हे नुसते फेकाफेकी करणारे लोक आहेत. त्यावर ब्राउन काही बोलले नाहीत. त्याच मोसमात ईगल्सशी परत गाठ पडली तेव्हा त्यांच्या टीमच्या नावावर पासचा एकही प्रयत्न लागला नाही, आणि तरी सामना १३-७ असा जिंकला. त्या वर्षीचं विजेतेपदही त्यांचंच. १९५४ आणि १९५५ मध्ये पुन्हा तेच. १९४६ ते १९५५ या दहा वर्षांत ब्राउन्स दरवर्षी फायनलमध्ये होते आणि सात वेळा जिंकले.

चालता-बोलता निरोप

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. त्या काळात मैदानावर चाल कोण ठरवायचं? क्वार्टरबॅक. तोच मैदानावरचा राजा. कोच बाहेर उभा राहून हात चोळत बसायचा. ब्राउन यांना हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण आठवडाभर समोरच्या टीमच्या फिल्म बघतो, वर बसलेला सहायक फोनवरून पूर्ण मैदानाचं चित्र सांगतो. मग धक्काबुक्कीत सापडलेल्या, धापा टाकणाऱ्या एका पोरानं निर्णय का घ्यायचा?

पण चाल आत पाठवायची कशी? ओरडून सांगितली तर सगळ्यांना कळते, आणि प्रेक्षकांच्या गोंगाटात आपल्याच माणसाला कळत नाही. हातानं खुणा केल्या तर समोरचाही बघतो. दोन-तीन सामने नीट बघितले की कुठल्या खुणेला कुठली चाल, हे जुळवायला फार डोकं लागत नाही.

ब्राउन यांनी उत्तर शोधलं ते माणसाचं. टीममध्ये 'गार्ड' नावाची एक जागा असते. समोरच्याला अडवणं हे त्याचं काम. ब्राउन यांनी या जागेसाठी दोन खेळाडू आलटून-पालटून ठेवले. एक आत, एक त्यांच्याशेजारी. प्रत्येक चालीआधी शेजारच्याच्या कानात ते चाल सांगत. तो धावत घोळक्यात जाई, क्वार्टरबॅकला सांगे आणि आधीचा गार्ड बाहेर येई. पुढच्या चालीला पुन्हा उलट. समोरच्या टीमला निरोप्या दिसत होता, पण निरोप त्याच्या डोक्यात होता. हवेत काही नाही, हातवारे नाहीत, कागद नाही. चोरायचं काय?

बदली खेळाडूंचे नियम सैल झाले म्हणून हे शक्य झालं. १९५० मध्ये एनएफएलनं हव्या तितक्या वेळा खेळाडू बदलायला कायमची मोकळीक दिली आणि या निरोप्यांची ये-जा सुरळीत चालू राहिली.

या निरोप्यांपैकी एकाचं नाव लक्षात ठेवा, चक नोल. तो आपल्याला शेवटी परत भेटणार आहे.

पद्धत बिनतोड होती, पण तिची किंमतही होती. ऑटो ग्रॅहम हा ब्राउन्सचा क्वार्टरबॅक त्या काळातला सर्वोत्तम मानला जातो. दहाच्या दहा फायनलमध्ये तोच होता. त्यालाही हे सतत सांगितलं जाणं रुचत नव्हतं. तुम्ही ग्रुप प्रोजेक्ट करताय, सगळं तुम्हाला येतंय आणि तरी सर प्रत्येक स्लाइडला निरोप पाठवताहेत. कसं वाटेल? ग्रॅहम जिंकत राहिला, म्हणून वाद वाढला नाही.

१९५६: रेडिओ

१९५५ चा मोसम संपल्यावर ग्रॅहम निवृत्त झाला. नवा क्वार्टरबॅक जॉर्ज रॅटरमन. आता तर कोचला जास्तच बोलायचं होतं. नेमके त्याच सुमारास जॉन कॅम्पबेल आणि जॉर्ज सार्ल्स हे ओहायोचेच दोन संशोधक एक कल्पना घेऊन त्यांच्याकडे आले. हेल्मेटच्या आत छोटासा रेडिओ रिसीव्हर बसवायचा. कोचकडे ट्रान्समीटर. निरोप्याची गरजच नाही. कोच बोलणार आणि क्वार्टरबॅक ऐकणार. एकतर्फी, पण तत्काळ.

ब्राउन यांनी लगेच होकार दिला. गोष्ट बाहेर फुटू नये म्हणून गुप्तताही पाळली. डेट्रॉइट लायन्सविरुद्धच्या एका सरावसामन्यात हे हेल्मेट पहिल्यांदा वापरलं गेलं. पण समोरचेही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. नेहमी ये-जा करणारे गार्ड आज बसूनच आहेत आणि तरी चाली मात्र आत पोचताहेत, हे त्यांच्या नजरेत आलंच. गुपित लपवण्याची पद्धत बदलली, की तो बदलच चहाडी करतो, तो असा.

बातमी पसरली. इतर टीमही रेडिओच्या मागे लागल्या. मग ऑक्टोबर १९५६ मध्ये ब्राउन्सचा सामना न्यू यॉर्क जायंट्सशी झाला. जायंट्सनी काय केलं असेल? ते रिसीव्हर घेऊनच बसले! ब्राउन हवेत जे बोलत होते ते रॅटरमनच्या हेल्मेटमध्ये जात होतं तसंच जायंट्सच्या बाकावरही पोचत होतं.

इथे जरा थांबा, कारण या गोष्टीतला खरा धडा इथे आहे. नुसतं ऐकून उपयोग नव्हता. ब्राउन आकडे आणि सांकेतिक शब्दांत बोलत. त्या शब्दांचा अर्थ कळल्याशिवाय ती नुसती बडबड. पण जायंट्सकडे असा एक खेळाडू होता जो आधी ब्राउन्सकडेच होता. त्यानं त्याच वर्गात बसून त्याच वहीत त्याच चाली लिहिल्या होत्या. रेडिओवर आलेले शब्द तो उलगडून सांगत होता आणि माहिती बचावाच्या कोचपर्यंत जात होती, अशी हकिकत सांगितली जाते. आपल्याकडे याला घरचा भेदी म्हणतात. जायंट्सनी सामना जिंकला. रेडिओ ब्राउन यांनी त्याच सामन्यात गुंडाळून ठेवला, आणि काही दिवसांतच लीगचे कमिशनर बर्ट बेल यांनी अशा यंत्रांवर सरसकट बंदी घातली. त्या मोसमात ब्राउन्स जिंकले त्यापेक्षा जास्त सामने हरले. त्यांच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडत होतं.

बघा, निरोप्या धावत जायचा तेव्हा गुपित एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जात होतं. रेडिओनं वेग दिला, पण गुपित हवेत सोडलं. आणि ते फुटलं ते यंत्रामुळे अर्धंच. उरलेलं अर्धं माणसामुळे.

ब्राउन पुन्हा निरोप्यांकडे वळले.

हातातून गेलेली टीम

१९५७ मध्ये टीममध्ये जिम ब्राउन आला. नावात ब्राउन असला तरी नातं काही नाही. चेंडू घेऊन धावणाऱ्यांमध्ये त्याच्याइतका जबरदस्त खेळाडू क्वचितच झाला. पण जुनी पिढी गेली होती, आणि नव्या खेळाडूंना प्रत्येक चाल बाहेरून येणं जाचक वाटू लागलं होतं. समोर बचाव बदलताना दिसतोय, पण निरोप तर वेगळाच आलाय, मग करायचं काय? जो कोच गुपित इतकं घट्ट धरून ठेवतो, तो खेळाडूंवर विश्वास ठेवतो का, हा प्रश्न ड्रेसिंग रूममध्ये कुजबुजला जाऊ लागला.

१९६१ मध्ये टीम विकली गेली. नवे मालक आर्ट मॉडेल, वय ३५. त्यांना टीमच्या कारभारात लक्ष घालायचं होतं, आणि ब्राउन यांना कुणाची लुडबुड खपत नव्हती. जानेवारी १९६३ मध्ये मॉडेल यांनी त्यांना काढून टाकलं. क्लीव्हलँडमध्ये तेव्हा वर्तमानपत्रांचा संप चालू होता. ज्या माणसाच्या नावावरून टीमचं नाव पडलं, त्याला काढल्याची बातमी छापायला शहरात नेहमीची वर्तमानपत्रंच नव्हती. दुसऱ्याच वर्षी, १९६४ मध्ये, त्यांचेच जुने सहायक ब्लँटन कोलियर यांच्या हाताखाली टीम पुन्हा विजेती झाली.

पुढची पाच वर्षं ब्राउन खेळापासून लांब राहिले. १९६७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. सहसा हा मान मिळाला की माणूस आठवणी सांगत बसतो. ब्राउन यांनी १९६८ मध्ये त्याच ओहायो राज्यात, सिनसिनाटीत, दुसरी टीम शून्यातून उभी केली. सिनसिनाटी बेंगल्स. साठीला टेकलेला हा माणूस पुन्हा फळा, खडू आणि वह्या घेऊन वर्गात उभा राहिला, आणि तिसऱ्याच मोसमात बेंगल्स बादफेरीत पोचले.

१९७५ च्या मोसमानंतर त्यांनी कोचपद सोडलं, पण टीमचा कारभार हातात ठेवला. त्यांची जागा आपल्याला मिळेल, अशी आशा सहायक बिल वॉल्श यांना होती. ब्राउन यांनी दुसऱ्यालाच निवडलं. वॉल्श सिनसिनाटी सोडून गेले, पुढे सॅन फ्रान्सिस्कोचे कोच झाले आणि त्यांनी तीन सुपर बोल जिंकले. त्यातले दोन, जानेवारी १९८२ आणि जानेवारी १९८९ मधले, थेट बेंगल्सना हरवून. ब्राउन यांच्या शाळेत शिकलेला माणूस त्यांच्याच टीमला भारी पडला. १९५६ ची गोष्ट आठवली ना? गुपित नेहमी माणसाबरोबर दाराबाहेर जातं.

५ ऑगस्ट १९९१ रोजी पॉल ब्राउन गेले. वय ८२.

आणि मग रेडिओ परत आला

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९९४ मध्ये, एनएफएलनं क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओला अधिकृत परवानगी दिली. म्हणजे ३८ वर्षांपूर्वी ज्याच्यावर बंदी आली, तेच. २००८ पासून बचाव करणाऱ्या एका खेळाडूलाही ही सोय मिळाली. ज्याच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आहे, त्याच्या हेल्मेटमागे हिरवा ठिपका असतो. चाल सुरू करायच्या घड्याळावर १५ सेकंद उरले, की आवाज आपोआप बंद. त्यानंतर खेळाडू आणि त्याचं डोकं. ब्राउन आणि त्यांच्या खेळाडूंमधल्या भांडणावरचा हा तोडगाच समजा. आधी कोचचं ऐका, शेवटचे १५ सेकंद तुमचे. आणि कोण कुठे कान लावून बसलंय, ही भीती नको म्हणून आता हे बोलणं सांकेतिक डिजिटल स्वरूपात जातं.

बचावाला रेडिओ मिळाला त्याच्या आदल्याच वर्षी एक मोठं प्रकरण घडलं होतं. २००७ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या माणसानं न्यू यॉर्क जेट्सच्या कोचच्या हातांच्या खुणांचं नियमबाह्य चित्रीकरण केलं. कोच बिल बेलिचिक यांना ५ लाख डॉलर दंड, क्लबला अडीच लाख, शिवाय नव्या खेळाडूंच्या निवडीतली पहिल्या फेरीची संधी गेली.

कॉलेज फुटबॉलमध्ये तर रेडिओ फार उशिरा आला. तोवर बाजूच्या रेषेवर एक तमाशाच चालायचा. तीन-तीन जण एकाच वेळी हातवारे करताहेत, त्यातला एकच खरा, बाकीचे दोघे नुसते हूल देणारे. कुणी कार्टूनची, नटांची, प्राण्यांची चित्रं असलेले मोठाले फलक नाचवताहेत. क्वार्टरबॅकच्या मनगटावर आकड्यांचा तक्ता. कोच तोंडापुढे कागद धरून बोलताहेत, कारण कुणी ओठ वाचू नयेत. नियम असा की मैदानावर बघता बघता समोरच्याच्या खुणा ओळखल्यात, तर ती तुमची हुशारी. पण आधीपासून माणसं पाठवून त्या टिपून आणल्यात, तर तो गुन्हा. २०२३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची टीम याच आरोपांत सापडली आणि तिच्या हेड कोचला तीन सामन्यांसाठी दूर ठेवलं गेलं. २०२४ पासून कॉलेजच्या वरच्या स्तरावरही हेल्मेटमधल्या रेडिओला परवानगी मिळाली.

पॉल ब्राउन आज असते तर या सगळ्यात त्यांना नवल वाटलं नसतं. एका गोष्टीचं मात्र वाटलं असतं की नाही, हे तुम्हीच ठरवा. आयुष्यभर त्यांनी निरोप कुणाच्या हाती लागू नये म्हणून धडपड केली. पण त्यांच्याकडचं जे सगळ्यात मोलाचं होतं ते निरोपात नव्हतंच. ते त्या वर्गात होतं, वह्यांत होतं, फिल्म बघायच्या पद्धतीत होतं. आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं शेकडो पोरांना शिकवून ठेवलं होतं. ते कुठल्या कुलपात ठेवणार?

चक नोल आठवतोय ना? प्रत्येक दुसऱ्या चालीला कोचचा शब्द डोक्यात घेऊन घोळक्याकडे धावणारा गार्ड. तो पुढे पिट्सबर्ग स्टीलर्सचा कोच झाला. त्यानं चार सुपर बोल जिंकले. इतकी वर्षं निरोप पोचवता पोचवता, प्रत्येक निरोपामागे कोचनं काय विचार केला असेल, हे तो शिकत गेला होता. ब्राउन्समध्ये सुरुवातीला खेळलेला डॉन शूलाही असाच मोठा कोच झाला, त्याचे दोन. वॉल्श यांचे तीन. मोजा.

पुढच्या फेब्रुवारीत सुपर बोल बघायला सोमवारी पहाटे पाचला उठलात, तर क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमागचा हिरवा ठिपका शोधा. घड्याळावर १५ उरले की त्याच्या कानातला आवाज बंद होतो. मग तो मान वर करतो, समोरच्या ११ जणांकडे बघतो, आणि कधी कधी हात हलवून ठरलेली चाल बदलून टाकतो.